कबरींवरची भांडी

माउंट ऑलिव्ह चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्या रविवारी जेवणं उरकल्यावर सिनेमा लावला. तळलेली कोंबडी होती, मक्याचा पाव होता, पीच घालून भाजलेला गोड कॉबलर होता. भिंतीवरची पांढरी चादर मधोमध सैल पडली होती, त्यामुळे नायकाचं नाक प्रत्येक दृश्यात वाकडं दिसत होतं. सिनेमा अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा. तो याच गावाबाहेर, नदीकाठी, टिन्सलींच्या एकेचाळीस एकरांवर काढलेला, तरी बहुतेकांनी त्या दिवशी तो पहिल्यांदा पाहिला. सदुसष्ट साली तो निघाला तेव्हा गावातल्या थिएटरवाल्याने लावलाच नाही. गोरी पोरं खुर्च्या फोडतील असं त्याने कारण दिलं, आणि खुर्च्या त्याच्या असल्यामुळे कोणाला काही बोलता आलं नाही.

व्हर्डेल टिन्सली पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. वय सत्त्याहत्तर, छत्तीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलेली, लग्न न केलेली, आणि त्या एकेचाळीस एकरांवरच्या घरात आता एकटी राहणारी. सिनेमा लावायची हौस तिची नव्हती. ती तिच्या भावाच्या नातीची, तिला आत्याच म्हणणाऱ्या जोनेलची. जोनेल मेकनला विमा कचेरीत नोकरी करायची आणि दर शनिवार-रविवार गाडी हाणत यायची, कारण घरादारावर केस उभी राहिली होती.

सिनेमा म्हणजे तसा निव्वळ आनंदच होता. एक गोरा मोजणीदार गावात येतो, त्याला काळ्या कुटुंबाची दया येते, गावातला लठ्ठ जमीनदार त्या कुटुंबाची जमीन हडपायला निघालेला असतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत मोजणीदाराला चर्चच्या बायबलात जुनं खरेदीखत सापडतं. मग सगळे काळे लोक शेतात उभे राहून गातात. मधल्या काळात त्या कुटुंबातली माणसं स्वतः काय करत होती, तर घाबरत होती आणि स्वयंपाकघरात गात होती. म्हाताऱ्या आईचं काम न्यूयॉर्कच्या एका बाईने केलं होतं, आणि ती जे काही बोलत होती तसं जॉर्जियात कोणीही, दारू पिऊनही, बोललेलं नाही.

"काय बोलली गं ती?" मागच्या रांगेतून डीकन मेह्यूने विचारलं.

"देवाला माहीत," कोणीतरी म्हणालं. "त्यालाही दोनदा ऐकावं लागलं असेल."

डीकन मेह्यू ब्याऐंशीचा होता आणि स्वतः सिनेमात होता. ट्रकमागे धावणाऱ्या माणसांत. त्याचं दृश्य आलं तसा तो उभाच राहिला. भर जुलैत आपल्याला तीन वेळा पळवलं आणि शेवटी सिनेमात फक्त पाठ घेतली, अशी त्याची अठ्ठावन्न वर्षांची तक्रार होती. त्याच्या बायकोने सांगितलं की चेहरा घेतला असता तर सिनेमा पहिल्याच दिवशी उतरवावा लागला असता. हॉल हसला. व्हर्डेलसुद्धा हसली, पण पर्सवरची तिची बोटं सैल झाली नाहीत, कारण आता काय येणार ते तिला ठाऊक होतं.

दफनाचं दृश्य आलं. नदीकाठचं उंच टेकाड, हिरवं गवत, त्यात पांढऱ्या लाकडी क्रूसांच्या तीन सरळ ओळी, आणि क्रूसांमध्ये उभी पन्नाशीची एक बाई. काळा रुमाल बांधलेली, हात पोटावर. कॅमेरा तिच्या चेहऱ्यापाशी गेला आणि थांबला. बाई रडत होती. तोंड वेडंवाकडं न करता, आवाज न करता, नुसतं पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. अकरा सेकंद. मग मोजणीदार परत आला आणि बोलायला लागला.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. कॅलीन टिन्सलीला, व्हर्डेलच्या आईला, पाहिलेली म्हातारी माणसं अजून चार-पाच होती. त्यांनी माना खाली घातल्या. डीकन मेह्यू हळूच म्हणाला की त्या सगळ्या सिनेमात खरं तेवढंच होतं. हे पूर्वीही कोणीकोणी म्हटलेलं होतं, वर्तमानपत्रांतसुद्धा छापून आलं होतं. ती बाई नटी नसून खरी विधवा आहे, असंही त्यांत होतं. ती का रडली ते मात्र कोणी छापलं नाही, कारण ते फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक एकाहत्तर साली गेली.

जोनेलने सिनेमा मागे नेला आणि क्रूसांवर थांबवला. "हे बघा," ती उभी राहून म्हणाली. "ही आमची दफनभूमी. ते म्हणतात तिथे काहीच नाही, कधीच नव्हतं. आणि हे बघा, सदुसष्ट साली अख्ख्या देशाने पाहिलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेव्हरंडने आमेन म्हटलं. व्हर्डेलने नाही वाजवल्या.

केसची गोष्ट अशी. व्हर्डेलच्या आजोबांनी, प्रिन्स टिन्सलीने, ही जमीन एक एक एकर करत घेतली होती. मृत्युपत्र त्याने केलं नाही. त्या काळी काळ्या माणसाने कोर्टात कागद नेला की कागद राहायचा तिकडे आणि जमीनही जायची, हे त्याने चारचौघांचं पाहिलं होतं. सगळ्या पोरांची मिळून जमीन, विकायची नाही, वाटायची नाही, एवढं त्याने तोंडी सांगितलं. त्याच्या हयातीत ते शहाणपण होतं. पुढच्या पिढ्यांत तेच गळ्याशी आलं. डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या, ही जमीन डोळ्यांनीही न पाहिलेल्या एका चुलत पुतण्याने आपला बारीकसा हिस्सा एका कंपनीला विकला. कंपनीला नदीकाठी बंगले बांधायचे होते. एवढ्याशा हिश्शाच्या जोरावर तिने कोर्टात सांगितलं की जमिनीचे तुकडे पाडणं शक्य नाही, तेव्हा सगळीच लिलावात काढा. लिलावात कोण घेणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

अटलांटाहून फुकट केस लढायला आलेल्या तरुण वकिलाने एकच वाट दाखवली होती. जमिनीवर जुन्या कबरी असल्याचं सिद्ध झालं, तर ती जागा विकता येत नाही, उकरता येत नाही, आणि वारसांची तिथे जाण्यायेण्याची वाट बुजवता येत नाही. कबरी जमिनीच्या मध्यावर निघाल्या तर बंगल्यांचा नकाशाच मोडेल आणि कंपनी आपणहून काढता पाय घेईल. म्हणून कबरी दाखवा, असं तो म्हणाला होता. व्हर्डेलने त्याला खालची सखल जागा दाखवली होती. पण तिथे आता पाइनचं रान माजलं होतं, आणि दगड नाही, नाव नाही, खूण नाही. वकिलाने खूण का नाही असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली की वादळात सीडरची झाडं पडली. खरी गोष्ट होती, पण ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्या रविवारी घरी जाताना तिने जोनेलला गाडीत विचारलं की तो सिनेमा कोर्टात द्यायचा विचार आहे का. जोनेल म्हणाली, "दिला पण, आत्या. शुक्रवारीच. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

"मला आधी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

अठ्ठावन्न वर्षं ज्याचं उत्तर दिलं नाही ते घर येईपर्यंतच्या चार मैलांत देणं व्हर्डेलला जमलं नाही. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी जोनेल मेकनला गेली. मग बुधवारी कंपनीची माणसं टेकाडावर गवत कापायच्या गाडीसारखं एक यंत्र ढकलताना दिसली. जमिनीच्या पोटातलं दाखवणारं यंत्र. सिनेमातल्या तिन्ही ओळींच्या जागी त्यांनी ते फिरवलं, दोन दिवस. व्हर्डेल ओसरीवर बसून पाहत होती. तिथे काही सापडणार नाही हे त्या यंत्राआधी तिला माहीत होतं, आणि आपण गप्प बसून आपल्याच हाताने दोर कापतोय हेही.

सुनावणीला कोर्टातली उजवीकडची बाकं चर्चच्या लोकांनी भरली होती. कंपनीचा वकील, मिस्टर प्रुइट, पिकल्या केसांचा, हळू बोलणारा, अतिशय सभ्य माणूस होता. व्हर्डेलला तो प्रत्येक वाक्यात "मिस टिन्सली" म्हणत होता. तिच्या आईला या गावातल्या एकाही गोऱ्या माणसाने मरेपर्यंत मिस किंवा मिसेस म्हटलं नव्हतं. घरी कपडे धुवायला ठेवणारे नुसतं कॅलीन म्हणत, आणि सिनेमावाले आंटी. आईला जे कधी मिळालं नाही ते लेकीला भरभरून मिळत होतं, जमीन घेता घेता.

त्याने पडद्यावर ते दृश्य लावलं. अकरा सेकंद पूर्ण होऊ दिले.

"मिस टिन्सली, या आपल्या मातोश्री?"

"हो."

"आणि ही आपल्या कुटुंबाची दफनभूमी?"

जोनेल पहिल्या बाकावर होती. तिने मान किंचित हलवली, हो म्हण अशी. हो म्हटलं तर काय होईल हे व्हर्डेलला पक्कं कळत होतं. त्याच्या टेबलावर यंत्राचा अहवाल पडलेला होता. ती हो म्हणेपर्यंत तो वाट पाहणार होता. पण तिने हो म्हटलं नाही ते त्या भीतीने नव्हे. बायबलावर ठेवलेला हात अजून गरम होता, आणि पडद्यावर आई अजून उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "ते क्रूस सिनेमावाल्यांनी ठोकले. खाली कोणी नाही."

बाकांवर कुजबुज झाली. प्रुइटसुद्धा क्षणभर गोंधळला, कारण त्याचा सापळा रिकामाच राहिला होता. मग त्याने अगदी हळुवारपणे विचारलं की मग खरी दफनभूमी सिनेमात का नाही. आणि व्हर्डेलने सांगितलं. तिसरीच्या पोरांना गणित समजावावं तसं, पायरी पायरीने, आवाज न चढवता.

खरी दफनभूमी खाली, सीडरांमध्ये होती. चौदा कबरी. दगड एकाही कबरीवर नव्हता, दगड घेण्याची ऐपत नव्हती आणि रीतही नव्हती. रीत अशी होती की माणसाने ज्या भांड्यातून शेवटचं खाल्लं-प्यायलं किंवा जे काही शेवटपर्यंत वापरलं, ते त्याच्या कबरीवर ठेवायचं, आणि ठेवताना फोडायचं. फोडलं म्हणजे साखळी तुटते, गेलेला माणूस घरातल्या दुसऱ्याला बोलावत नाही. आजोबा प्रिन्सच्या कबरीवर त्याचं बंद पाडलेलं घड्याळ होतं. वडिलांच्या कबरीवर दाढीचा मग. तीन धाकट्या भावंडांच्या कबरी शेजारी शेजारी, आखूड आखूड. जोसीच्या कबरीवर ती मक्याच्या कण्या खायची तो निळा वाडगा. वायलीच्या कबरीवर तापात त्याच्या उशाशी जळत होता त्या दिव्याची काच. आणि नेडच्या कबरीवर दुधाची बाटली, कारण तो तेवढाच जगला. जमीन कायम झाडून स्वच्छ, गवताची काडी नाही, लाल माती आणि वर ती भांडी. आई दर शनिवारी डॉगवुडच्या फांद्यांच्या झाडूने झाडायची आणि प्रत्येक भांड्यापाशी थांबून दोन शब्द बोलायची.

सहासष्टच्या जुलैत सिनेमावाल्यांचा एक माणूस ती जागा पाहून गेला. सोमवारी इथे शूटिंग, म्हणाला. व्हर्डेल तेव्हा एकोणीस वर्षांची होती, फोर्ट व्हॅलीच्या कॉलेजात एक वर्ष शिकून आलेली. वसतिगृहात एका मुलीने हसत हसत सांगितलं होतं की खेड्यातले आपले लोक मढ्यांवर उकिरडा करतात. ते हसणं तिच्या मनात रुतून बसलं होतं. आता सगळा देश पाहणार. गोरे म्हणणार, बघा, हे लोक आपल्या मेलेल्यांवर कचरा टाकतात. आई शनिवारी गावात कुणाच्या तरी घरी लग्नाचे टेबलक्लॉथ धूत होती. व्हर्डेलने दोन घमेली घेतली आणि सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या कबरी साफ केल्या. भांडी, काचा, शिंपले, घड्याळ, सगळं. उंचवटे फावड्याने सारखे केले. कबरींच्या पायथ्याशी लावलेली युकाची झुडपं उपटली. घमेली घरामागच्या कोरड्या विहिरीत रिकामी केली. मग दाताळ्याने माती अशी सपाट केली की पाहत राहावं. तिला वाटलं, आई खूश होईल.

"आणि आपल्या मातोश्री खूश झाल्या?" प्रुइटने विचारलं. ऐकता ऐकता तोही वकील असल्याचं विसरला असावा.

"रविवारी चर्चमधून आल्यावर ती खाली गेली," व्हर्डेल म्हणाली. "थोडा वेळ उभी राहिली. मग मला विचारलं, 'जोसी कुठे आहे?' मी म्हटलं, इथेच, आई, सगळं नीटनेटकं केलंय. ती म्हणाली, 'इथेच म्हणजे कुठे?' तिने एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. मग दुसरीकडे टाकलं, तेही मागे घेतलं. पोरांच्या अंगावर पाय पडेल म्हणून ती पुढे जाईना. मला काही सांगता येईना. एवढंच."

ती एवढंच म्हणाली, पण थांबली नाही. सोमवारी सिनेमावाले आले आणि नाराज झाले. ती फुटकी भांडी पाहूनच त्यांना ती जागा आवडली होती. नुसती सपाट लाल माती कॅमेऱ्यात दफनभूमीसारखी दिसेना. मग ते वर टेकाडावर गेले, गवत होतंच, त्यात सुतारांकडून पांढरे क्रूस करून ठोकले, आणि बुधवारी आईला त्यांच्यामध्ये उभं केलं. दिग्दर्शक म्हणाला, आंटी, तुमचं कोणी गेलेलं असेल त्याची आठवण काढा. आईला काढावी लागली नाही. तेल गेलं, तूप गेलं आणि हाती आले सुतारांचे क्रूस.

"ती भांडी परत का ठेवली नाहीत?" हा प्रश्न न्यायाधीशबाईंनी विचारला.

"मी आईला तसं म्हटलं होतं. दोर घेऊन उतरते म्हटलं. ती म्हणाली, 'काढशील, पण ठेवशील कुठे?'" व्हर्डेलने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. "ती स्वतः गेली तेव्हा तिने बजावून सांगितलं, मला चर्चच्या आवारात पुरा. तिथे खाली नको. खोदणाऱ्याचं फावडं कोणाच्या तरी अंगावर पडेल. त्यानंतर तिथे कोणालाच नेलं नाही."

विहीर कुठे आहे ते तिने नकाशावर बोटाने दाखवलं. ती विहीर बावन्न वर्षांपूर्वी बुजवलेली होती. न्यायाधीशबाईंनी आदेश दिला की विहीर उकरावी, सखल जागी यंत्र फिरवावं, आणि दोन्हींचा अहवाल तज्ज्ञाने द्यावा. तज्ज्ञ कंपनी देणार होती, कारण यांच्याकडे तज्ज्ञ नव्हता.

बाहेर आल्यावर डीकन मेह्यूने व्हर्डेलच्या खांद्यावर हात ठेवला. जोनेल गाडीत बसली, पण किल्ली फिरवली नाही.

"अठ्ठावन्न वर्षं, आत्या. मला नाही, आजोबांना नाही, कोणालाच नाही."

"तुझ्या आजोबाला सांगितलं असतं तर त्याने मला घरात घेतलं नसतं."

"आणि मी त्या सिनेमासाठी नाचत होते. हॉलमध्ये. सगळ्यांसमोर."

"मी तुला थांबवायला हवं होतं."

"हो," जोनेल म्हणाली. "हवं होतं." मग तिने गाडी सुरू केली आणि घरापर्यंत रेडिओ लावला नाही.

विहीर उकरली तेव्हा मात्र दोघी शेजारी उभ्या होत्या. जोनेलने घरून खुर्ची आणून आत्याला बसवलं होतं. माती, विटा, कुजलेली पानं, आणि मग पंधरा फुटांखाली तो थर लागला. चिनीमातीचे तुकडे. काच. मगाचा तुटका कान. मजूर जाळीवर माती धूत होता आणि एकेक तुकडा चमकत बाहेर येत होता. व्हर्डेल खुर्चीतून उठली. निळ्या वाडग्याचा अर्धा भाग होता तो. काठावर जोसीने चमचा आपटून पाडलेला टवका अजून तसाच होता. जोसी चार वर्षांची असताना गेली. व्हर्डेल तेव्हा सहाची होती, आणि तो टवका पडला तेव्हा कण्यांवरून दोघींचं भांडण चाललं होतं.

"आत्या, झालं की," जोनेल म्हणाली. "हाच पुरावा. आता कसं नाही म्हणतील?"

व्हर्डेललाही त्या दिवशी तसंच वाटलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा ती रात्रीचं जेवण पोटभर जेवली. चूक आपणच केली, पण भांडी जिथे टाकली तिथून निदान ती आपल्या बाजूने बोलतील, असं तिला वाटलं. आशा वेडी असते म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसाची जास्तच.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. सखल जागेबद्दल लिहिलं होतं की चिकणमाती आणि पाइनच्या मुळांमुळे यंत्राला काही निश्चित दिसलं नाही, निष्कर्ष काढता येत नाही. विहिरीबद्दल मात्र निष्कर्ष होता. जोनेलने ओसरीवर तो मोठ्याने वाचला आणि मध्येच थांबली. व्हर्डेलने कागद तिच्या हातून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचला.

बुजवलेल्या विहिरीत फुटकी चिनीमाती, काच, घड्याळाचे सुटे भाग आढळले. ग्रामीण भागात वापरात नसलेल्या विहिरीत अशी सामग्री टाकण्याची पद्धत सर्वत्र होती. स्वरूप: घरगुती कचरा. दफनाशी संबंध दिसून येत नाही.

घरगुती कचरा. जो शब्द गोऱ्यांच्या तोंडून निघू नये म्हणून तिने एका शनिवारी दोन घमेली रिकामी केली, तो शब्द कोर्टाच्या शिक्क्यानिशी तिच्या हातात होता. आणि तो माणूस खोटं बोलत नव्हता. भांडी कबरींवर असती तर त्याला कबरी म्हणाव्या लागल्या असत्या. कचऱ्याच्या जागी सापडली म्हणून त्याने कचरा म्हटलं. कचऱ्याच्या जागी नेऊन टाकणारी ती होती. व्हर्डेलने कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी केली. तिला स्वतःची इतकी चीड आली की ओसरी, झाडं, जोनेल, काही काही दिसेना.

निकाल पाच मिनिटांत झाला. एका साक्षीदाराच्या आठवणीपलीकडे पुरावा नाही. जमीन लिलावात विकावी. पुढे काम चालू असताना मानवी अवशेष आढळले तर काम थांबवून कळवावं. म्हणजे मेलेल्यांनी आपला पुरावा आता बुलडोझरवाल्यासमोर स्वतः हजर करायचा होता. प्रुइट बाहेर पडताना व्हर्डेलपाशी थांबला, टोपी काढली, आणि मिस टिन्सली, मला खरंच वाईट वाटतं, असं म्हणाला. त्याला वाटलंही असेल. तिने मान हलवली. आईने तिला माणसाशी उद्धट वागायला शिकवलं नव्हतं.

लिलाव नोव्हेंबरात झाला. कोणी घेतली ते सांगत नाही. घर रिकामं करायला साठ दिवस दिले होते. त्यातल्या एका दिवशी व्हर्डेलने जोनेलला सांगितलं की मला कोर्टाच्या कचेरीत ने. विहिरीतून काढलेल्या वस्तू पुरावा म्हणून तिथे दोन प्लास्टिकच्या टबांत पडून होत्या. केस संपली होती, आता त्या फेकून देणार होते. अटलांटाच्या वकिलाने अर्ज करून त्या परत मागितल्या होत्या, आणि त्याच्या हातून या केसमध्ये मिळालेली तेवढीच एक गोष्ट होती.

खिडकीत एक तरुण काळी मुलगी होती. छातीवर डनिट्रा अशी पाटी. तिने टब खिडकीशेजारच्या टेबलावर आणून ठेवले आणि एक फॉर्म पुढे सरकवला. वस्तूंचं वर्णन, या ओळीवर तिने अहवालातलं आधीच उतरवून ठेवलं होतं.

"इथे सही, मॅडम."

व्हर्डेलने वाचलं. "हे खोड," ती म्हणाली.

"अहवालात असंच आहे, मॅडम."

"वाचलाय मी तो. खोड, बाळ. मी सांगते ते लिही."

मुलीने जोनेलकडे पाहिलं. मग त्या मुलीने आधीचं नीट एका रेघेत खोडलं आणि पेन धरून थांबली. व्हर्डेलने पहिल्या टबात हात घातला. वर्गात हजेरी घ्यायची त्या आवाजात ती सांगू लागली.

"घड्याळाची चकती. प्रिन्स टिन्सली. मगाचा कान. एलाय टिन्सली, माझे वडील. दिव्याची काच, तीन तुकडे. वायली, अकरा वर्षांचा. दुधाच्या बाटलीचं तोंड. नेड, पाच आठवड्यांचा." निळा वाडगा तिने दोन्ही हातांत घेतला. "जोसी."

मुलीने लिहिलं. वर्णनाच्या चार ओळी संपल्या, तेव्हा तिने न विचारता फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुढे लिहू लागली. व्हर्डेलच्या मागे दोन माणसं रांगेत उभी होती, त्यांना मुलीने बोटाने थांबा म्हणून सांगितलं. शिंपल्यांचा पुडा, कॅलीनची आई. बशी, गुलाबाची, आत्या फीबी. आईने शनिवारी झाडता झाडता जी जी नावं घेतली होती ती सगळी व्हर्डेलला आठवत होती. कोणतं भांडं कोणाचं, ते पाठ होतं. कोणता माणूस कुठे, तेवढंच गेलं होतं.

दुसऱ्या टबाच्या तळाशी एक तुकडा उरला. हिरव्या कपाचा काठ, बोटभर. व्हर्डेलने तो उजेडात धरला. उलटा केला. चष्मा काढून पुन्हा लावला. जोनेल वाट पाहत होती, मुलगी वाट पाहत होती, आणि तिला काही आठवेना. आईने नक्की सांगितलं असणार. प्रत्येक शनिवारी सांगितलं असणार. विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.

"हे कोणाचं, मॅडम?" मुलीने विचारलं.

व्हर्डेलने तो तुकडा बाकीच्यांत ठेवला नाही, मुठीत धरला.

"लिही, आमच्यातलंच कोणीतरी," ती म्हणाली, आणि सही केली.